खोडलेलं नाव

शाई निळी होती, पण खोडलेली रेघ काळी. म्हणजे लिहिताना एक पेन हातात होतं आणि खोडताना दुसरं, म्हणजे मध्ये काही वेळ गेला होता – तासभर, किंवा एखादा दिवस, किंवा आठवडाही – आणि तेवढ्या वेळात लिहिणाऱ्याचं मन बदललं होतं... उज्ज्वलाने वहीचं ते पान खिडकीच्या उजेडात उभं धरलं. रेघ एकदा नाही, तीनदा ओढलेली. कागदाला मागून वळ उठले होते. तरी उजेडात अक्षरं हळूहळू वर आली. स. मग ट. मग 'वाची'. पुढचा शब्द खोडलेला नव्हता – 'पोर'. आणि खोडलेल्या जागेच्या डोक्यावर, काळ्या शाईत, बारीक अक्षरांत : 'बाप नसलेली एक'.

सटवाची पोर. बाप नसलेली एक पोर.

सटवा, तिचा बाप, आतल्या खोलीत खाटेवर बसून चहा बशीत ओतत होता. त्याच्या भुरक्याचा आवाज इथपर्यंत येत होता.

वही दादासाहेबांची. अर्जुनराव हे त्यांचं नाव, पण त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. तीनदा आमदार, साखर कारखान्याचे अध्यक्ष, आणि अंबाजोगाईच्या ज्या महाविद्यालयात उज्ज्वला गडदे सोळा वर्षं मराठी शिकवते त्या संस्थेचे संस्थापक. रविवारी त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतात, त्याच दिवशी आत्मचरित्राचं प्रकाशन, प्रस्तावना उज्ज्वलाची. त्यांचा मुलगा विजयसिंह संस्थेचा सचिव; त्याने दोन महिन्यांपूर्वी टंकलिखित प्रत आणून दिली तेव्हा तिने मूळ वह्याही मागून घेतल्या होत्या. तो जरा चकित झाला होता. पण तिचा विषयच तो. मराठवाड्यातल्या आत्मचरित्रांमधली नेणीव – त्यावर तिची पीएच.डी. – माणूस स्वतःबद्दल लिहिताना काय विसरतो, काय चुकून लिहितो, कशावर रेघ ओढतो. लेखक काय लिहितो ते सगळेच वाचतात, तो काय खोडतो ते वाचायला शिका, असं ती दर वर्षी एम.ए.च्या पहिल्या तासाला सांगते आणि मुलं ते वाक्य वहीत उतरवून घेतात.

प्रस्तावनेची अकरा पानं झाली होती. सातव्या पानावर तिने या वाक्याचा उल्लेख केला होता. टंकलिखित प्रतीत ते आधीच भेटलं होतं – 'मेंढ्यांमागे हिंडणाऱ्या घरातली बाप नसलेली एक पोर मी वसतिगृहात आणली, ती आज आमच्याच महाविद्यालयात प्राध्यापिका आहे' – आणि पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला राग यायला हवा होता, पण राग आला नाही, आनंद झाला. हाती पुरावा लागल्याचा आनंद. तिने लिहिलं : पुढाऱ्याला सगळ्यांचा बाप व्हायचं असतं, त्यासाठी लोकांचे खरे बाप त्याच्या स्मरणातून गळून पडावे लागतात, आणि लोकही त्याला 'मायबाप' म्हणत आपापल्या घरातला थकलेला, कर्तृत्वहीन बाप त्याच्या पायाशी सोडून देतात. सत्ता दंडुक्यावर कमी आणि या अदलाबदलीवर जास्त चालते. चारशे पानांत दादासाहेब आपल्या वडिलांचा उल्लेख दोनदाच करतात, हेही तिने मोजून लिहिलं होतं. चांगलं लिहिलं होतं. स्मरणातून गळून पडणं – तो शब्दप्रयोग तिला विशेष आवडला होता.

आणि आज सकाळी, नुसता पानाचा आकडा पडताळायला वही उघडली, तर हे. गळून पडलेलं नव्हतं. त्यांनी नाव लिहिलं होतं, स्वच्छ, निळ्या शाईत. आणि मग तीन रेघा.

"उजू," आतून हाक आली, "नऊ वाजता जायाचं मनली व्हतीस ना?"

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. आज डोळा दाखवायचा होता. आई गेल्यापासून सटवा धाकट्या मुलाकडे, सिदूकडे, नेकनूरजवळच्या गावात असायचा, वीस-पंचवीस मेंढरं अजून स्वतः राखायचा. लेकीकडे एवढे दिवस सलग तो पहिल्यांदाच राहत होता. तिने वही पिशवीत टाकली. का टाकली ते तिला सांगता आलं नसतं.

दवाखान्यात डोळ्यांच्या विभागाबाहेर लांब बाक, त्यावर सगळे काळे चष्मे लावलेले म्हातारे एका रांगेत. सटवा त्यांच्यात बसला, पटका मांडीवर घेऊन. तिने वही उघडली, ती वाचण्यासाठी नाही, बोलावं लागू नये म्हणून. आता राग येत होता. उशिरा आला होता, पण येत होता. माहीत असून खोडलं. बाप जिवंत आहे, त्याचं नाव माहीत आहे, त्याची मेंढरं खतासाठी कुठल्या वावरात बसायची ते माहीत आहे, आणि तरी... प्रस्तावनेत हे लिहायचं का? लिहिलं तर छापतील? संस्थेच्या पैशावर पोट असलेल्या बाईने संस्थापकाच्या वाढदिवशी – पण लिहायलाच हवं, नाहीतर सोळा वर्षं शिकवलं ते काय...

"वही कशाची गं ती?"

"दादासाहेबांची. त्यांनी आपली जीवनकहाणी लिहिली आहे."

"सिदू मनला मला. आपलं हाय का त्याच्यात?"

"माझं आहे थोडं."

"वाच की."

तिने वाचलं, हळू आवाजात, शेजारच्यांना ऐकू जाणार नाही असं. मेंढ्यांमागे हिंडणाऱ्या घरातली एक पोर मी वसतिगृहात आणली... दोन शब्द तिने गाळले. गाळायचं असं ठरवलं नव्हतं. डोळ्यांनी त्यांच्यावरून उडी मारली आणि आवाज डोळ्यांमागे गेला. रेघ ओढायला शाई लागतेच असं नाही, असं तिच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याची चीडही आली, कारण वाक्य चांगलं होतं, वर्गात चालण्यासारखं.

सटवा मान किंचित वाकडी करून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "आन् माझं नाव?"

"नाही."

"कुटंच न्हाई?"

"नाही आबा."

त्याने श्वास सोडला. मांडीवरचा पटका नीट केला. "बरं झालं, माय. मला त्याचीच धास्ती व्हती."

"धास्ती कसली?"

"सिदू मनला, दादासायेब सगळं खरं-खरं लिवायलेत. मनलं, माझं नाव आलं मंजी तुझं गेलं. बाप नसलेल्या पोरीच घेत व्हते तितं. आता इतक्या सालानं कुणी मनलं, हिचा बाप तर जित्ता हाय, मग ही शिकली कशी, नौकरी कशी, तर काय करायचं?" मग आवाज आणखी उतरवून, "मी म्हून तर तुज्या कालेजाकडं कदी फिरकलो न्हाई."

समोरच्या भिंतीवर डोळ्याचं एक मोठं चित्र होतं, आतल्या पडद्यांना बाण काढून नावं दिलेली. उज्ज्वला ती नावं वाचत राहिली. वाचलेलं कळत नव्हतं.

कधी फिरकला नाही. खरंच. ती नोकरीला लागली त्या दिवशी नाही, पीएच.डी.च्या सत्काराला नाही. तेव्हा त्याने निरोप पाठवला होता, मेंढ्या व्यायला झाल्यात, येणं होणार नाही. आणि तिला – मला – तो निरोप ऐकून सुटल्यासारखं झालं होतं. त्या सुटण्याला मी नाव दिलं, आबांचा बुजरेपणा. त्यांना लोकांत अवघडतं, उगाच कशाला त्रास, असं मी स्वतःला किती शहाण्या, किती समजूतदार आवाजात सांगितलं होतं. आणि तो तिकडे माळावर बसून आपण मेलेले असल्याचं काम निभावत होता. तीस-बत्तीस वर्षं. रजा न घेता.

वसतिगृहातल्या त्या दिवसाची तिची एकच आठवण होती आणि ती फार लख्ख होती. पांढरी, निळ्या काठाची इनॅमलची ताटली, तीत शिरा, शिऱ्यावर एक काजू; आणि डोक्यावर दादासाहेबांचा हात, अत्तराचा वास. त्या आठवणीत दुसरं कुणी नाही. ती आपली आपणच तिथे आल्यासारखी. तिने हे पूर्वी कधी तपासलं नव्हतं, आणि ती तर हेच तपासायला शिकवते – की लहानपणाची एखादी क्षुल्लक गोष्ट गरजेपेक्षा जास्त उजळ आठवत असेल तर समजावं, तो पडदा आहे, त्याच्यामागे दुसरं काही उभं आहे. ताटलीचा काठ आठवतो. काजू आठवतो. अकरा वर्षांची पोर गावाहून इथवर एकटी कशी येईल?

"आबा, तेव्हा... मला बाप नाही असं तिथे कोण म्हणालं?"

सटवाने चष्म्याखाली बोट घालून पाणी पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

"मीच सांगितलं व्हतं तुला तसं मनायला," तो म्हणाला. "वाटंनं."

"कशानं आलतो आपण?" आलतो. किती वर्षांनी तो शब्द तोंडातून आला होता, तिचं तिलाच चमकल्यासारखं झालं.

"कारखान्याच्या टॅक्टरनं. मागं रिकामी टाली, तीत आपुन दोगं. पत्र्याचा लई आवाज, कानात दडे बसले. तू मला कायतरी मनायलीस आन् मला काईच ऐकू यीना, मग तू माज्या हातावर..." तो थांबला.

थांबला, आणि दोघांनाही कळलं की तो कुठे थांबला आहे. वाटेने बोलता येत नव्हतं. वाटेने त्याने काही सांगितलेलं नव्हतं.

आतून परिचारिकेने पुकारा केला, "सटवा गडदे." तो लगेच उठला, नेहमीपेक्षा चपळाईने, आणि तिचा हात न धरता दरवाजाकडे गेला.

डोळा चांगला आहे, थेंब चालू ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सटवा रिक्षाच्या उघड्या बाजूने दुकानांच्या पाट्या बघत होता, वाचता येत नसलेल्या. मागच्या महिन्यात संस्कृती नावाच्या मुलीने वर्गात विचारलं होतं, मॅडम, नेणीव प्रमाणभाषेत असते की बोलीत? वर्ग हसला होता. उज्ज्वलाही हसली होती आणि काहीतरी गुळगुळीत उत्तर देऊन पुढे गेली होती. आता रिक्षाच्या धडधडीत तिला तो प्रश्न पुन्हा ऐकू आला आणि त्याच्या पाठोपाठ, दुरून, एक वाक्य. वडील नाहीत असं नव्हे. वारले असंही नव्हे. मला बा न्हाई.

कोणाचा आवाज, ते अजून तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने सटवाला भाकरी-भाजी वाढली, डोळ्यात थेंब टाकले, त्याला पडायला सांगितलं आणि बाहेरच्या खोलीत येऊन विजयसिंहला फोन लावला. त्याला वाटलं प्रस्तावनेचं.

"मॅडम, चार वाजता ड्रायव्हर पाठवतोय. छापखाना फक्त तुमच्या पानांसाठी थांबलाय."

"पान एकशे बारावर एक चूक आहे. माझे वडील हयात आहेत."

"मला कल्पना नव्हती," तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात खोटं वाटण्यासारखं काही नव्हतं. "थांबा, दादासाहेबांनाच देतो. इथेच बसलेत."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर. मग तो आवाज, सभांमध्ये ऐकलेला, आता जुना झालेला.

"बोल बाई. खोडलेलं दिसलं का तुला?"

तिने तयार केलेलं पहिलं वाक्य वाया गेलं.

"तू वह्या मागितल्यास तवाच मी विजयला म्हणलं, ही आता सगळं धुंडाळणार." ते हसले, हसण्यातून खोकला निघाला. "मी आधी सटव्याचं नाव लिवलं होतं. पाच-सहा साल त्याची मेंढरं आमच्या वावरात बसली, मला म्हाईत न्हाई व्हय तो. त्या दिवशी दाराच्या भाईर उभा होता, घोंगडी खांद्यावर. मास्तरांनी सांगितलेलं, पोर हुशार हाय, कायतरी करा. मी तुला इचारलं, बाप कुठंय तुझा? म्हणलं बाहेरच्याकडं बोट दाखवील, मग बघू कसं बसवायचं कागदावर. तू त्याच्याकडं बघितलंस आन् म्हणलीस, मला बा न्हाई."

तिने फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"त्यानं मान खाली घातली," दादासाहेब म्हणाले. "मी फॉर्म भरला."

"मग नाव का खोडलंत?"

"तुझा शब्द हाय तो. एवढी वर्षं कुणापाशी बोललो न्हाई मी. आता पुस्तकात छापून तुला खोटं पाडू का? लेकीसारखी तू." मग, "तुला हवं असलं तर टाकतो नाव. अजून छपाई व्हायचीय. सांग, टाकू?"

किती साधा प्रश्न. तिच्या अकरा पानांत असा प्रश्न विचारणारा माणूस कुठेच नव्हता. हा माया करत होता की आठवण करून देत होता, की बघ, तुझं मूळ माझ्या वहीत आहे, पेनही माझ्याच हातात आहे, पण आज तुला देतो? दोन्ही असेल. त्या माणसाला स्वतःलाही दोन्ही वेगळी करता येत नसतील, आणि म्हणूनच तर लोक त्याच्या मागे जातात... पण हा विचार अर्ध्यावर आला आणि गळाला. वाक्य बनेना.

"चारपर्यंत सांगते," ती म्हणाली.

सातवं पान समोर घेतलं. खरे बाप स्मरणातून गळून पडावे लागतात. चूक नव्हती त्यात. सगळं बरोबर होतं, फक्त ते ज्याच्याबद्दल लिहिलं होतं तो माणूस चुकीचा होता. पुस्तकांत आहे ते – मूल मनातल्या मनात आपले आईबाप बदलून टाकतं, गरीब बापाच्या जागी एखादा सरदार आणून बसवतं, सगळीच मुलं हे करतात आणि मोठेपणी विसरतात. ती हे दर वर्षी शिकवते. मनातल्या मनात. आणि मी मोठ्याने केलं. दारात तो उभा असताना, त्याच्याकडे बघून.

सटवा उठून दाराशी आला होता. एका हाताने चौकट धरलेली.

"कुनाचा फोन व्हता? दादासायबाचा?"

"हो."

"काय मनले?"

सांगितलं तर त्याचं ते 'वाटंनं' मोडणार होतं, जे त्याने दवाखान्याच्या बाकावर बसून घाईघाईने तिच्यासाठी बांधलं होतं. पत्र्याच्या आवाजाने ते तिथेच पडलं होतं, तरी त्याने ते अजून उभंच धरलं असणार.

"तब्येत कशी आहे विचारत होते," ती म्हणाली. "तुमची."

त्याने मान हलवली. येऊन जमिनीवर बसला, भिंतीला टेकून. "मी शनवारच्या गाडीनं जातो गावाकडं. रविवारी तुजा कारेक्रम हाय. मानसं येत्याल-जात्याल."

"डोळ्याचं औषध आहे अजून. आणि रविवारी तुम्ही चला माझ्याबरोबर."

"मी?"

"हो. पुढच्या रांगेत बसा."

सटवाने काळा चष्मा काढला, ऑपरेशनचा डोळा मिचकावून तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "मेलेलं मानूस पुडच्या रांगंत बसल्यावर बाकीच्यांनी कुटं बसावं, माय?"

आणि तो हसायला लागला, आवाज न करता, खांदे हलवत, तिला लहानपणापासून माहीत असलेला हसण्याचा प्रकार, आणि तिलाही हसू आलं, आवरेना, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण त्याला तिथे का नेऊ पाहतो आहोत हे आपल्याला माहीत नाही. त्याच्यासाठी? की दादासाहेबांनी बघावं म्हणून? की मी कशी आता लाजत नाही हे चारशे माणसांनी बघावं म्हणून, म्हणजे पुन्हा त्याला दारात उभं करून, या वेळी उलटं वाक्य म्हणावं म्हणून?

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. चारला अजून दहा मिनिटं होती. सटवा चष्मा पुसत होता. ती उठली नाही. तिला आता ती खोली दिसत होती, टेबल, कागद, दारातला उजेड, त्या उजेडात घोंगडी – खरंच आठवत होती की मघाच्या फोनमधून तयार झाली होती, हे सांगता आलं नसतं – आणि तिचा स्वतःचा आवाज ऐकू येत होता, अकरा वर्षांचा, ठणठणीत. मला बा न्हाई. मी त्या आवाजात भीती शोधली, गरज शोधली, कुणी पढवलेलं असावं तसं काही शोधलं. नव्हतं. हुशार मुलीला उत्तर बरोबर आल्यावर होतो ना, तसा आनंद होता त्याच्यात.

दाराची कडी वाजली. "दार वाजायलंय," सटवा म्हणाला.

"वाजू द्या," मी म्हणाले, आणि जमिनीवर त्याच्या शेजारी जाऊन बसले.